सहाचा डबा, नऊचा डबा

तर काल दाढीपाशी थांबलो होतो. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या रायपुरात रविवारी सकाळी जो मराठी सिनेमा लागला, त्यात धाकट्या भावाचे गाल पाचव्या रिळापर्यंत गुळगुळीत, पुढच्याच रिळात छातीपर्यंत दाढी, आणि मोठ्या भावाशी भांडायला उभा राहिला की पुन्हा गुळगुळीत. तात्यापारा मोहल्ल्यातल्या आम्हा मराठी मंडळींनी त्यावर महिनाभर खल केला आणि ठरवलं की दाढी नवसाची असावी. नवस फिटला, दाढी गेली, आणि दाढीबरोबर अक्कलही. सिनेमाचं नाव सांगत नाही. दिग्दर्शक हयात आहेत, आणि माणूस सज्जन आहे.

पण सांगायचं आहे ते रत्नाकरबद्दल. रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तो आणि मी तेहतीस वर्षं समोरासमोर बसलो. मी काटोलकडच्या खेड्यातला, गावच्या शाळेत सातवी झालेला. तो इथेच जन्मलेला, आणि अक्षर असं की ऑफिसातल्या सगळ्या पाट्या त्याच्याकडूनच रंगवून घेत.

त्या सिनेमातला एक प्रसंग रत्नाकरच्या काळजात बसला. दाढीवाला धाकटा मान खाली घालून दारात उभा राहतो. मोठा त्याला पाटावर बसवतो, स्वतःच्या हातानं वाढतो आणि म्हणतो, "तुझं सगळं माफ. आधी जेव." आणि गंमत बघा, धाकट्यानं अजून काही केलेलंच नसतं. भांडून घर सोडतो तो पुढे तीन रिळांनंतर.

टॉकीजबाहेर रत्नाकरनं माझा दंड धरला. "पाह्यलं का शामराव? पोट्ट्यानं काही केलंच नाही अजून, अन् मोठ्यानं माफ करून टाकलं. भाऊ असा पायजे."

आता त्याच्या घरी काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. वडील गेलेले. धाकटा पांडुरंग भिलाईला वेगळं बिऱ्हाड करायला निघालेला, घरात रोज धुसफूस. त्याच रविवारी रत्नाकरनं पांडुरंगला जेवायला बसवलं, वरणावर तूप वाढलं आणि म्हणाला, "तू जे बोलशील ते माफ. आता जेव." पांडुरंगला वाटलं, दादाचं डोकं फिरलं. चार दिवसांनी त्यानं भर चौकात सगळ्यांसमोर सुनावलं, "तू काही माझा बाप नाहीस," आणि भिलाई गाठली. दिवाळीला आला. सायकल लावतो न लावतो तोच रत्नाकरनं विचारलं, "चहा घेतो का सरबत?" बस. सत्तेचाळीस वर्षं झाली, त्या चौकाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

सिनेमाही नंतर कुठे दिसला नाही. प्रिंट हरवली म्हणत होते. ती म्हणे कुणाच्या तरी गोदामात सापडली, कॉम्प्युटरवर धुऊनपुसून काढली, आणि मागच्या हिवाळ्यात शंकर नगरकडच्या मॉलमध्ये लागली. दिग्दर्शक स्वतः येणार होते. रत्नाकरची नात अनुश्री तिकिटं काढायला बसली. "आजोबा, सोफेवाली सीट लूँ कि नॉर्मल?" रत्नाकर म्हणाला, "जिथून दिसते ते घे." पांडुरंगही भिलाईहून आला.

पाचवं रीळ संपलं आणि पडद्यावर एकदम भांडणच सुरू झालं. रत्नाकर ताठ बसला. "हे काहून आत्ताच?" पुढे दाढी वाढत गेली, आणि पाट, जेवण, माफी हे सारं पार मागाहून आलं. रत्नाकर इतका पुटपुटत होता की पुढचा एक जण वळून म्हणाला, "भैया, धीरे." तेवढ्यात शेजारी पांडुरंग अंधारात खाली वाकला. मला वाटलं, चप्पल शोधतोय. तो दादाचे पाय शोधत होता. रत्नाकरनं झटकन पाय वर घेतले आणि सोफ्यावर मांडी घालून बसला.

दिवे लागले. दिग्दर्शक माईक घेऊन पुढे आले. कुणी प्रश्न विचारायच्या आत रत्नाकर उभा.

"साहेब, चांगला सिनेमा काहून बिघडवला तुमी?"

"काय बिघडलं, काका?"

"माफी आधी होती, भांडण मागून. तुमी उलटं करून ठेवलं. मान खाली घातल्यावर माफी भेटली, तर तो सौदा झाला."

"फक्त रंग स्वच्छ केलेत. एकही दृश्य हलवलेलं नाही."

"मी तीनदा पाह्यला, साहेब. या टॉकीजात नाही, जुन्या टॉकीजात. सहाव्या रिळात माफी होती."

दिग्दर्शक हसायला लागले. "नववं रीळ सहाव्याच्या जागी चाललं असेल तुमच्याकडे. डब्यावरचा इंग्रजी आकडा कुणीतरी उलटा वाचला."

रत्नाकरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात, सिनेमा लागायच्या आधी, आमच्या पार्सलच्या शेडमध्ये पाणी शिरलं होतं. अमरावतीहून आलेल्या या सिनेमाच्या डब्यांवरचे कागद भिजून गळून पडले होते. ते फरशीवरून उचलून, वाचून, प्रत्येक डब्यावर लाल रंगानं सुरेख आकडे काढले होते रत्नाकरनं. रंगाचा डबा मी धरला होता. टॉकीजचा ऑपरेटर छत्तीसगढी, त्याला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. "हव साहब" म्हणाला आणि आकड्यांप्रमाणे चालवत गेला. पुढे ती प्रिंट बिलासपूरला गेली. तिथल्या घरांत काय काय झालं असेल, देव जाणे.

रत्नाकरनं हे सारं माईकवर सांगून टाकलं. लपवणं त्याच्या स्वभावात नाही. सगळं थेटर हसलं, अनुश्री सर्वांत जास्त. एकटा पांडुरंग खाली मान घालून होता.

दिग्दर्शकांनी डोळे पुसले. "म्हणजे सिनेमा बदलला तुम्ही, आणि रागावताय माझ्यावर. मग आता सांगा, खरा कोणता धरायचा?"

रत्नाकरनं पांडुरंगच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, चूक माझी, अन् सिनेमा तुमचा. पण तुमचा सिनेमा पाहून हा माझा भाऊ या वयात माझे पाय शोधून राहिला. आता याले मी काय देऊ? माफी तर तवाच देऊन बसलो, यानं मागायच्या आधी. तुमी तुमचं बरोबर लावा, जगभर दाखवा. फक्त रायपुरात एक खेळ आमच्या नंबरानं चालवा."