संयम आणि आमचा दवाखाना

नर्सला किस्से गोळा करावे लागत नाहीत. बाकावर एखादी बाई जवळ सरकून बसली आणि "सिस्टर, जरा आतलं बोलायचं हाय" म्हणाली, की झाला एक जमा! आम्ही जुन्या मैत्रिणी आजही रंकाळ्यावर भेळ खायला भेटतो, तेव्हा हसण्यासारखे आधी निघतात. भेळ संपेपर्यंत दुसरे निघतात. मग उठायची वेळ झाली तरी कुणी उठत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पेठेतला छोटा सरकारी दवाखाना. डॉक्टरीणबाई पुण्याच्या, तोंडानं फटकळ. मी त्यांच्या हाताखाली नर्स. शेजारी तालीम. त्यामुळे ताप-खोकल्याच्या खालोखाल आमच्याकडे कुठला आजार येत असेल, तर तो संयमाचा!

एकदा मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं. "मोठ्या मुलींना आरोग्याबद्दल चार शब्द सांगा." हेडबाईंनी चहा पाजला आणि अटी घातल्या. पाळी म्हणायचं नाही, 'अडचण' म्हणायचं. गर्भाशय तर अजिबात नाही.

"मग मी बोलू तरी काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"संयमावर बोला की! संयम पाळला म्हणजे सगळं आरोग्य नीट राहतं."

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या अर्धा तास संयमावर बोलल्या. मुली माना डोलवत होत्या. शेवटी, "काही शंका?" असं विचारल्यावर मागच्या बाकावरची एक उंच मुलगी उभी राहिली.

"बाई, संयम पोटात नेमका कुठं असतोय?"

हेडबाईंनी ताबडतोब घंटा द्यायला लावली! रिक्षात आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मधेच डॉक्टरीणबाई थांबल्या. म्हणाल्या, "सिस्टर, वर्षभरात त्या पोरीचं लग्न होईल हो. आणि आपण तिला काय सांगून आलो?"

तालमीतला महादू पैलवान दारातून आत यायचा तो तिरका होऊन, एवढा गडी. एके सकाळी आला आणि स्टुलावर बसून रडायलाच लागला.

"सिस्टर, मला रगत चढवा."

"का रे? लागलंय कुठं?"

"न्हाय." मान खाली. "झोपंत लंगोट खराब झाला. दुसऱ्यांदा."

त्याच्या वस्तादांनी सांगितलं होतं, शंभर थेंब रक्त आटतं तेव्हा त्याचा एक थेंब तयार होतो. महादूनं हिशेब घातला होता आणि त्या हिशेबानं तो आता मरायला टेकला होता! डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं समजावलं. वयात आलेल्या गड्याला हे होतंच, त्यात पाप नाही, रोग नाही, ताकदीचा संबंध नाही. गडी ऐकेना. शेवटी त्याचं रक्त तपासलं.

"महादू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझं रक्त माझ्यापेक्षा चांगलं आहे. तूच मला एक बाटली दे!"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला तर महादू दारात, आणि मागे अख्खी तालीम!

"ह्यास्नीबी सांगा की बाई! समदी मराय टेकल्यात!"

त्या अख्ख्या तालमीत शब्बीर मात्र नव्हता.

शब्बीर म्हणजे आमच्या समोरच टेलरिंगचं दुकान असलेल्या हुसेनचाचांचा थोरला. तालमीतला सगळ्यांत गुणी पोरगा. वर मान करून बोलायचा नाही. भीती त्यालाही तीच होती, पण लाजेनं कुणाजवळ बोलला नाही. यात्रेत तंबू ठोकून बसलेल्या एका जडीबुटीवाल्याकडून 'धातू राखणाऱ्या' पुड्या आणल्या आणि चोरून खात राहिला. आम्ही बघितला तेव्हा तोंड सुजलेलं, लघवी बंद. डॉक्टरीणबाईंनी त्याला उभ्याउभ्या मोठ्या दवाखान्यात हलवला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पुडीतल्या कसल्याशा भस्मानं दोन्ही किडन्या गेल्या. त्या काळात त्यावर इथं काही इलाज नव्हता.

शब्बीरच्या मौतीचा चाळीसावा दिवस झाल्यावर हुसेनचाचा दवाखान्यात आले. टेबलाशी उभे राहिले.

"डॉक्टरीणबाई, माझ्या पोरानं कंदी कुठल्या पोरीकडं डोळा वर करून बघिटलं न्हाई. मग ही सजा कशाची?"

प्रत्येकाला फाडकन उत्तर देणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई. त्या नुसत्या म्हणाल्या, "चाचा, बसा."

चाचा बसले नाहीत.

कुटुंबनियोजनाला घरोघर फिरायचे ते दिवस. एका घरी माळकरी गृहस्थ भेटले. मला बोलूच देईनात!

"आमाला तुमच्या साधनांची गरज न्हाई, सिस्टर. आमी चातुर्मास पाळतो. आषाढीपास्नं कार्तिकीपर्यंत अंथरूण येगळं म्हंजे येगळं!"

आतून त्यांची बायको आली. काखेत एक, पदराला दोन, चौथं उंबऱ्यात.

"व्हय सिस्टर, लई कडक पाळत्यात," ती म्हणाली. "म्हणूनशान तर चारी पोरं श्रावणातली!"

आजऱ्याची पारू आठवली की मात्र मी भेळ बाजूला ठेवते. सासू तिला दंडाला धरून घेऊन आली. "तपासा ह्या वांझोटीला. दुसरी करायची का न्हाई, त्ये आज मला कळाय पायजे."

डॉक्टरीणबाईंनी सासूला बाहेर बसवलं. तपासणीत बाईमाणसाचं सगळं नीट. मग त्यांनी हळूच नवऱ्याबद्दल विचारलं. पारू बांगड्या फिरवत बोलायला लागली.

"बाई, पोर हुयाला काय करावं लागतंय त्ये मला कुणी सांगिटलं न्हाई. पर मालक तालमीतच निजत्यात. लगीन झाल्यापास्नं."

नवऱ्याला बोलावलं. त्याच तालमीतला. मोठ्या कुस्तीपर्यंत बायकोला शिवायचं नाही, असा त्यानं वस्तादांना शब्द दिला होता. एक कुस्ती झाली की पुढची ठरायची आणि शब्द पुढं सरकायचा.

"आणि बायकोला शब्द दिला होतास, त्याचं काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आईजवळ बोलायची त्याची छाती झाली नाही. डॉक्टरीणबाई स्वतः घरी गेल्या, तर म्हातारीनं त्यांनाच सुनावलं, "माझ्या पोराला नाव ठेवू नगा!" काडीमोड झाली. पारू एका ट्रंकेसह माहेरच्या, आजऱ्याच्या एसटीत बसली. तिला पोचवायला स्टँडवर मीच गेलते.

पुढं त्याचा गुडघा गेला, कुस्ती सुटली. दुसरं लग्न झालं. वर्षाच्या आत पाळणा हलला. आणि सगळी गल्ली म्हणाली, "बघा! दोष पैलीतच हुता!"

आणि अक्काताई.

वय चाळिशीच्या आसपास. घरचा गोठा, चार म्हशी, दूध घालायला डेअरीत रोज चालत जाणारी खमकी बाई. सहा-सात महिन्यांपूर्वी थोरल्याचं लग्न झालेलं. सून घरात आली की सासूनं आपलं अंथरूण नवऱ्याजवळून उचलायचं, ही त्यांच्याकडची रीत. न उचलणारीला बायका पाणवठ्यावर फाडून खायच्या.

"पोटात गोळा आलाय," ती म्हणाली. पोट फडक्यानं करकचून बांधलेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पाचवा संपत आलेला.

"न्हाई बाई, नीट बघा! सून आलीया माझ्या घरात!" जसं काही सुनेनं माप ओलांडलं की सासूचं गर्भाशय आपोआप बंद होतं!

"अहो, नवऱ्याचंच आहे ना? मग लाज कसली?"

"नवऱ्याचं हाय म्हणूनच की ओ!" ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. "लोक म्हणतील, म्हातारपणी ह्येंस्नी दम निघंना. पाडा. न्हाईतर मी हिर जवळ करतो."

पाडायची वेळ निघून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला ते समजावलं, विहिरीचं नाव काढणार नाही असं वचन घेतलं. ती बाहेर पडली, तर बाकावर सून बसलेली. शांता तिचं नाव, माहेर चंदगडचं. पडद्याआडचं सगळं तिला ऐकू गेलं होतं. ती उठली. सासूच्या चपला सरळ करून तिच्या पायांशी ठेवल्या आणि तिचा हात धरून तिला घेऊन गेली.

थोड्या दिवसांनी कळलं, सुनेला दिवस गेलेत, ती माहेरी गेलीय आणि सोबतीला सासूही गेलीय. गल्लीनं कौतुक केलं. सासू असावी तर अशी!

मे महिन्यात दोघी बाळाला इंजेक्शन द्यायला घेऊन आल्या. दवाखाना बायकांनी भरलेला. बाळ शांताच्या मांडीवर. अक्काताई चार हात लांब, भिंतीकडे तोंड करून उभी. मी सुई टोचली आणि बाळानं टाहो फोडला.

अक्काताईच्या झंपरवर दोन्हीकडे ओल पसरली.

शांता बाळाला घेऊन उठली आणि बायकांच्या आणि सासूच्या मधे जाऊन उभी राहिली. एका हातानं तिनं सासूचा पदर तिच्या खांद्यावरून ओढून घेतला.

"आत्याबाई, पदर गुंडाळून घ्या. गार वारं सुटलंय."

बाहेर ऊन रणरणत होतं. मी उठले आणि खिडकी लावून घेतली.