वन्संचा पेला

वन्सं निळ्या पडल्या तेव्हा तांब्या माझ्याच हातात होता. त्यांची मान मागे, तोंड उघडं, आणि मी वरून पाणी सोडत होते. त्यांना खोकताही येईना. पुढे वाकवून मी पाठीत धपाटे घातले, तेव्हा पाणी आणि लाळ एकदम बाहेर आली आणि श्वास सुरू झाला.

वत्सलावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. डोंबिवलीत त्यांनी तीस वर्षं पोळीभाजीचे डबे केले. आमटीची चवसुद्धा तळहातावर थेंब घेऊन बघायच्या. कुणी भांड्याला तोंड लावलं की म्हणायच्या, "उष्टं केलंस. आता घास तूच."

अशा बाईला कंपवात झाला आणि लाळ गळायला लागली. पदर ओला, उशी ओली. खाली बायकांत जाऊन बसायच्या, तेही त्यांनी सोडलं. मी दिवसभर ओरडायचे, तोंड मिटा, हनुवटी वर धरा. पाण्याने लाळ वाढते असं वाटून पाणीही कमी केलं. वर्षभर हेच. कशाचाच उपयोग होईना आणि माझा संताप वाढत गेला.

त्या दिवसानंतर त्यांना ठाण्याला नौपाड्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी मलाच झापलं.

"आजी, लाळ जास्त होत नाहीये. यांचं गिळणं कमी झालंय, म्हणून ती साठते. मान मागे केलीत की श्वासनळीत जाणार."

ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, पेल्याला ओठ लावून लहान घोट. मधूनमधून गिळायची आठवण करायची. तोंड पुसायचं नाही, टिपायचं. पाणी तोडायचं नाही.

घरी आल्यावर वन्संनी पेल्याला तोंड लावायला साफ नकार दिला. दोन दिवस मी डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर त्याच पेल्यातून आधी मी घोट घेतला.

"घ्या. मी उष्टा केलाय. आता तुम्ही आणखी काय बिघडवणार?"

लाळ गिळून त्या हळूहळू म्हणाल्या, "घासणार कोण, सुमन?"

"मीच घासणार. प्या."

त्या प्यायल्या. लाळ पूर्ण थांबली नाही, पण महिन्याभरात गळ्याशी रुमाल लावून खाली बायकांत जाऊन बसल्या.

वर्षभर मी त्यांची हनुवटी वर करत होते, याचा राग मला अजून येतो. वन्सं त्यानंतर दोन वर्षं जगल्या.