एका घर नंबरातल्या आठ चुली

बैठकीत टेबलाखाली त्यांच्या पायांची चाळवाचाळव सुरू झाली की मी पेन खाली ठेवत असे. बसल्याबरोबर चपला काढायची त्यांना सवय होती, आणि बोलायचं असलं की आधी त्या शोधून पायात घालायच्या. अनवाणी हरकत घेणं त्यांना प्रशस्त वाटत नसावं. मग घसा खाकरून ते म्हणत, "एक छोटी शंका आहे, साहेब."

ती शंका कधीच छोटी नसे. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. बढतीच्या यादीत त्याचं नाव सापडत नाही, पण अडलेली फाइल सगळे त्याच्याच टेबलावर आणून ठेवतात.

हैदराबादच्या एका सरकारी खात्यात ते सुपरिंटेंडेंट होते, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. मी नोकरीसाठी पुण्याहून येऊन इथंच रुजलेला, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराचं सरकारी धोरण लिहायला कंत्राटावर घेतलेला. त्यांचं घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, नांदेडकडचं. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले, "पुणेकर, तुमचं मराठी लई इस्त्रीचं आहे. त्याच्यावर बसायची भीती वाटते." त्यांच्या स्वतःच्या मराठीत दखनीतले 'हौ' आणि 'नक्को' सुखानं नांदत होते.

बैठका इंग्रजी-तेलुगूत चालत. मी मराठीत सांगतोय. मसुद्याच्या दर पानावर 'जबाबदार' हा शब्द होता आणि त्याला खेटून 'आर्थिक वाढ', मांडवातल्या नवरानवरीसारखी. जगातले गुंतवणूकदार आपल्याकडे बघताहेत, असं मोठे साहेब दर बैठकीत सांगत. गुंतवणूकदारांना दुसरं काही काम नसावं.

"छोटी शंका आहे, साहेब," हे म्हणाले. "जबाबदार, जबाबदार लिहिलंय. कोण जबाबदार, ते कुठल्या पानावर आहे?"

"स्पिरिट समजून घ्या," साहेब म्हणाले.

शंकेला कारण होतं. सरकारी घरांसाठी आलेले अर्ज छाननीसाठी खात्यानं आधीच यंत्राच्या हवाली केले होते. विद्यानगरातल्या एका घर नंबरावरून आठ अर्ज आले. यंत्रानं पहिला ठेवला आणि उरलेले सात 'दुबार' म्हणून बंद केले. दुबार अर्ज पकडल्याबद्दल यंत्राचं कौतुक झालं, पेढे वाटले गेले. पेढा खाऊन झाल्यावर हे मला म्हणाले, "चला, स्कूटरवर बसा."

या शहरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, की नंबर घराला असतो, बिऱ्हाडाला नसतो. एका फाटकाच्या आत अंगणाभोवती आठ खोल्या होत्या. ह्यांची तपासणीची पद्धत ठरलेली: माणसं मोजायची नाहीत, चुली मोजायच्या. माणसं पाहुणी असू शकतात, म्हणत. प्रत्येक दारात चपला काढून ते आत जात, शेगडी बघत, बाहेर येऊन वहीत एक रेघ ओढत. आठ रेघा झाल्या.

सातव्या खोलीत एका मेसमध्ये स्वयंपाक करणारी विधवा बाई राहत होती. घरमालकाला ती जागा पाडून इमारत बांधायची होती. दसऱ्यापर्यंत खोली सोडायची होती. अर्ज बंद झाल्याचा मेसेज तिनं आम्हाला दाखवला.

"पहली खोली वालों से मेरी दो साल से बातचीत नहीं, सार," ती म्हणाली. "मशीन मेरेकू उनके घर की बहू बना दी."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. "अम्मा, हम लिखते," एवढंच म्हणाले.

आणि त्यांनी लिहिलं. माझ्या मसुद्यात एकच वाक्य घातलं: यंत्रानं नाकारलेला अर्ज, अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय आणि स्वतःच्या नावानं कारण लिहिल्याशिवाय बंद होणार नाही. ते मान्य झालं असतं तर सातही अर्ज पुन्हा उघडले असते.

तिसऱ्या मसुद्यात ते वाक्य गळालं. त्यांनी परत घातलं. चौथ्यात ते परिशिष्टात गेलं, पाचव्यात परिशिष्टच गेलं. "प्रत्येक अर्जामागं माणूस धाडायचा, तर यंत्र कशाला घेतलं?" साहेबांनी विचारलं.

"हो म्हणायला घ्या, साहेब," हे म्हणाले. "नाही म्हणायला माणूस जाऊ द्या."

मला ते पटलं होतं. हे मी आता लिहितोय. तेव्हा बोललो नाही. माझं कंत्राट दर तिमाहीला साहेबांच्या सहीनं वाढत असे. शेवटच्या मसुद्यात मीच लिहिलं, 'शक्य तेथे सुयोग्य मानवी देखरेख ठेवण्याचा प्रयत्न केला जाईल.' या वाक्यानं आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नाही, की कुणाचं काही केलेलं नाही. बैठकीत मी ते वाचलं तेव्हा टेबलाखाली काहीच हाललं नाही. बाहेर पडताना ते म्हणाले, "भाषा चांगली झालीय, पुणेकर." टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

ते निवृत्त झाले. पुढच्या महिन्यात मोठ्या हॉटेलात धोरणाचं प्रकाशन झालं. एका यंत्रमानवानं पाहुण्यांना गुच्छ दिला. एक गुच्छ पडला, तो उचलायला दोन शिपाई धावले. मानवी देखरेखीची तेवढी तरतूद दिसली. ह्यांना बोलावणं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी त्यांचा फोन आला. "विद्यानगरला या. तुमच्या धोरणातलं जरा विचारायचंय."

ते त्या बाईच्या खोलीत जमिनीवर बसले होते. सामान बांधून झालं होतं, फक्त शेगडी उघडी होती. निवृत्त झाल्यापासून ते रोज इथं येत, सातही जणांना अपिलात काय लिहायचं ते सांगत. अपील मोबाइलवरच करायचं. या बाईला लिहिता येत नसल्यानं फॉर्म दुसऱ्यानं भरायचा, आणि त्याला आपला आधार नंबर आणि अर्जदाराशी नातं द्यावं लागे. नात्यांची यादी ठरलेली: नवरा, मुलगा, मुलगी, भाऊ. सुपरिंटेंडेंट तिथं नव्हता, निवृत्त सुपरिंटेंडेंट तर नव्हताच. तीस-बत्तीस वर्षं कागदावर खोटं न लिहिलेल्या या माणसानं बराच विचार करून 'भाऊ' निवडलं.

निकाल त्या सकाळी आला होता. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. अपील फेटाळलं होतं. अर्जदाराच्या कुटुंबात सरकारी निवृत्तिवेतनधारक आढळल्यामुळं अर्जदार कायमची अपात्र.

"बाकी सहा जणांची मुलं शिकलेली होती, त्यांचे फॉर्म त्यांनीच भरले," ते म्हणाले. "त्यांचं अजून चालू आहे. हिचं मी बुडवलं."

"नाही, साहेब," मी म्हणालो.

बाईनं चहाचे कप आमच्यापुढं ठेवले. इतके दिवस ती त्यांना सार म्हणायची. "जाने दो, भय्या," ती म्हणाली. "चाय पियो, ठंडी होती."

त्यांनी कप उचलला नाही. पिशवीतून धोरणाची छापील प्रत काढून माझ्यापुढं ठेवली. जागोजागी कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. "दोनदा वाचलं," ते म्हणाले. "हा माझा भाऊ नाही, हे हिनं कुणाला जाऊन सांगायचं? कुठल्या पानावर आहे, तेवढं दाखवा."

मी पानं उलटू लागलो. तसं पान त्यात नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी शेवटच्या पानापर्यंत उलटत गेलो, कारण ती दोघं बघत होती.