नागम्माची शिदोरी

निजामाच्या राज्यात हैदराबादची हौशी पोरं रामलिंगच्या दऱ्याखोऱ्यांत भटकायला घाटमाथ्यावरच्या आमच्या येडशीला यायची आणि उतरायची आमच्याच घरी. कारण एकच, आमच्या सासूबाई नागम्मा यांच्या हातची ज्वारीची भाकरी. आम्ही लिंगायत. ताटात पडलं तो प्रसाद. कणही ठेवायचा नाही आणि शेवटी ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं.

एका साली नवाबी थाटाचे तिघे आले. पहिल्याच जेवणात तिघांनीही अर्धी अर्धी भाकरी ताटात ठेवली. "अम्मा, पोट भरल्याची ही आमच्याकडची निशाणी," त्यांच्यातला थोरला अदबीनं म्हणाला. सासूबाईंनी तिन्ही ताटं स्वतः उचलली. एरवी ते काम माझं.

सकाळी तिघे शिदोरी घेऊन दरीत उतरले. दुपारी झऱ्याकाठी फडकी सोडली, तर ज्याच्या त्याच्या फडक्यात त्याचीच कालची अर्धी भाकरी!

संध्याकाळी तणतणत परतले. "अम्मा, पाहुण्याला उष्टं देता?"

"प्रसाद उष्टा होत न्हाय," सासूबाईंनी ठणकावलं. "बसा जेवायला."

हातपाय धुऊन बसले. ताटं पुसून साफ केली. थोरल्यानं तर सासूबाईंकडं बघत ताट धुतलं आणि ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी शिदोरी चांगली जड होती. थोरल्यानं भीतभीत विचारलं, "अम्मा, आज यात काय आहे?"

"ताजं हाय. काल तुमी मागं काय ठेवलंच न्हाय, मग मला चूल पेटवावी लागली की!"