गोमाजीचे कापडी बूट

हेमराजचा राग सानगडी गावाला नवा नाही. शिपायाच्या अंगावर एक बटण चुकीचं दिसलं, की याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. शिपाई बोटाएवढा, बटण मोहरीएवढं, आणि राग मात्र अख्ख्या घराला पुरेल एवढा. लोक हसतात. त्याची बायको कामिनी हसत नाही, कारण एका शिपायाच्या पगडीचा शेमला उजवीकडचा डावीकडे गेला म्हणून हा गडी दोन दिवस धड जेवला नव्हता.

हेमराज ढिवराच्या घरचा. बाप तळ्यात जाळं टाकायचा आणि हेमराज लहानपणापासून फाटकी जाळी सांधायचा. त्या गाठींनी बोटं अशी स्थिर केली, की पुढे दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवताना त्याला कधी पट्टी लागली नाही. एकदा नागपूरला एका साहेबांच्या दारावर नाव लिहायला गेला, तर तिथे काचेच्या कपाटात रंगवलेले छोटे शिपाई दिसले. नाव लिहायचं राहिलं बाजूला, हा तासभर कपाटासमोर उभा. त्याला आता वीस वर्षं झाली. पुण्याहून, कुठून कुठून रेझिनचे कोरे शिपाई पार्सलने येतात, सोबत जुने फोटो येतात, आणि हा डोळ्याला भिंग लावून बसतो.

त्याची एक रीत आहे आणि ती मोडायला तो कुणाचंच ऐकत नाही. माणूस सकाळी ज्या क्रमाने कपडे चढवतो, त्या क्रमाने तो रंग चढवतो. आधी कातडी, मग बनियान, मग शर्ट, मग पट्टे. बनियान पुढे शर्टाखाली पार झाकली जाते, कुणाच्या बापाला दिसत नाही. तरी रंगवतो. "आत बनियान नसन तं शर्ट आंगावर बसत नाही," म्हणतो.

गेल्या वर्षी गावच्या वाचनालयाने ठरवलं, की इथून फौजेत गेलेल्या सात जणांचे पुतळे कपाटात मांडायचे. सहा जण बिनबोभाट झाले. सातवा गोमाजी, बासष्टच्या चीनच्या लढाईत नेफाच्या, म्हणजे आताच्या अरुणाचलच्या, बर्फात गेलेला. त्याचा एकच फोटो आणि घरी धाडलेलं एकच पत्र. फोटोत अंगावर सुती कपडे, गळ्याचं बटण उघडं, पायात कॅनव्हासचे बूट. पत्रात लिहिलेलं, थंडी फार आहे, बूट कापडी आहेत, ओले होतात. हेमराजने तसाच रंगवला, पायाखाली पांढरा बर्फ करून. रंगवताना तो सारखा दात-ओठ खात होता.

वाचनालय समितीचे अध्यक्ष मधुकरराव पाहायला आले आणि त्यांचं तोंड उतरलं.

"हा काहून असा गरीब दिसून राहिला? याले लोकरीचा मोठा कोट दे. चामड्याचे बूट दे. पाहुणे येतीन उद्घाटनाले."

"त्याच्यापाशी कोट नव्हता."

"मंग आता देऊन टाक ना, बाप्पा. रंगच तं लावाचा हाय."

हेमराजने ब्रश खाली ठेवला. "कोट द्याचा होता तं बासष्ट साली द्याचा होता. तवा कोनी देल्ला नाही. आता मी रंगाचा देऊ, आन् पोरायले सांगू का गोमाजी गरम कपड्यात मेला?"

"तू पेंटर होय. सांगतलं तेवढं कर."

"नाही करत."

मधुकरराव तडकले, पण दुसरा रंगवणारा आणायचा कुठून? त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. गोमाजीची धाकटी बहीण सत्यभामाबाई दिघोरीला असते, ती सांगेल तसं करायचं. तिला सख्ख्या भावाला गरीब दाखवलेलं कसं खपेल? हेमराजलाही नाही म्हणता येईना. घरचं माणूस ते.

दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी तिला आपल्या गाडीतून आणलं. ऐंशी पार केलेली बाई, काखेत पिशवी. तिने भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"बूट तेच हायेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "लय थंडी वाजत असन याले."

"पाहा," मधुकरराव खुलले. "कोट पायजेच."

सत्यभामाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खुर्चीत मागे सरकले. "तवा देल्ला नाही, तो कोट आता माह्या भावाच्या आंगाले नोको."

तिने पिशवीतून कापडात शिवलेलं एक पार्सल काढलं. पत्र आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. शाळेतल्या मास्तरीणबाईंकडून शिकून तिने स्वेटर विणला आणि धाडला. आधी गोमाजी गेल्याची तार आली. महिन्याने हे पार्सल परत आलं. त्यानंतर तिने ते उघडलंच नाही.

"हा घालून दे त्याले."

"मावशी, हा त्याच्या आंगात नव्हता."

"नव्हता, हे माह्यापेक्षा कोनाले जास्त मालूम हाय?"

हेमराजला रडू आलं नाही, राग आला. पार्सलचा, त्या बर्फाचा, आणि सगळ्यात जास्त आपल्या रीतीचा, कारण वीस वर्षांत त्याने एकही खोटा धागा रंगवला नव्हता. तो घुश्शातच म्हणाला, "उघडा. रंग पाहिल्याबिगर मी लावत नाही."

मग तिने त्याच्याकडून ब्लेड घेतलं आणि एकेक टाका स्वतः उसवला. वांग्याच्या रंगाचा स्वेटर, गळ्याला पांढरी पट्टी, एक बाही कसरीने खाल्लेली. छातीला लहानच वाटत होता. गोमाजी बावीस वर्षांचा होता.

हेमराजने त्याच दिवशी गोमाजीला खरवडून पार कोरा केला. पुन्हा कातडी, पुन्हा बनियान. त्यावर वांगी स्वेटर, पांढऱ्या पट्टीसकट. मग सत्यभामाबाईला बोलावून भिंग तिच्या हातात दिलं. तिचं पाहून झालं तेव्हा रंग वाळला होता. तिच्यासमोरच त्याने वरून सुती शर्ट चढवला आणि खाली कापडी बूट केले.

उद्घाटनाला मधुकरराव कपाटाशी वाकले. "अरे, हा तं पहिलेसारखाच हाय. इतके दिवस काय करून राहिला होता?"

"कपडे घालून देत होतो," हेमराज म्हणाला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

सत्यभामाबाईला भिंगाशिवाय एवढं बारीक काही दिसत नव्हतं. ती त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गळ्याचं बटन?"

"लावलं, मावशी."

फोटोत ते उघडं आहे, कपाटात बंद.