तांबड्या दोऱ्याचं तेल

देवासला माझं औषधांचं लहानसं दुकान होतं आणि दुकानापुढे एक बाक. औषध खपायचं बेताचं, सल्ला मात्र भरपूर! दुखणं एकाचं आणि वैद्य दहा. अशा बाकावर किस्से आपोआप साचतात.

*

एकदा सतवासचा एक शेतकरी कंबर धरून आला. मी नवा बाम पुढे केला. डबी सुरेख, वास फर्स्ट क्लास! त्यानं हुंगून पाहिलं आणि डबी परत सरकवली.

"यो तो अत्तर है, भिया! आग लगे असी दवई दो!"

मग कापूर-टर्पेंटाइनचं तेल दिलं. त्यानं बाकावरच बसून चोळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी! म्हणाला, "हां, अब आयो आराम!"

*

गणिताच्या मास्तरांचा पाय मुरगळला. बाकावरच्या एकानं आंबेहळदीचा लेप सांगितला, दुसऱ्यानं माझं तेल, तिसऱ्यानं बिब्बा. मास्तर भिडस्त. कुणाला वाईट वाटू नये म्हणून तिन्ही एकावर एक लावलं!

पुढे भेटले तेव्हा विचारलं, "सूज उतरली का?"

"दिसत नाही हो. वर फोड आहेत ना!"

बाकावरून फोडांवरही लगेच तीन औषधं निघाली. मास्तर लंगडत निघाले, पण झपाझप.

*

आमच्या देवासला संस्थानी काळात राज्यं दोन. रस्त्याच्या अलीकडे थोरल्या भावाच्या वंशाची थोरली पाती, पलीकडे धाकट्याची धाकटी. मांडी घालून लिहून लिहून कारकुनांचे गुडघे मात्र दोन्हीकडे सारखेच धरलेले.

त्यांतल्याच थोरल्या पातीच्या नानांनी मला बजावलं, "त्या पलीकडच्यांचं तेल आम्हांस नको. आमचं निराळं ठेवा." नानांच्या घरासमोर राहणारे बापू धाकट्या पातीचे कारकून, तेही हेच म्हणाले. आता तेल एकाच कढईतलं! मी नानांच्या शिशीला तांबडा दोरा बांधला, बापूंच्या शिशीला पांढरा. दोघेही खूश.

"बापू, तुमचं तेल म्हणजे नुसतं पाणी!" नाना रोज ऐकवायचे.

*

नानांच्या एकुलत्या लेकीचं लग्न धारला, मुलाच्या गावी होतं. आम्ही शेजारीपाजारी सगळे गेलो. बैलगाडीच्या धक्क्यांनी नानांचा गुडघा टम्म सुजला आणि तांबड्या दोऱ्याची शिशी वाटेतच फुटली. कन्यादानाला पाटावर मांडी घालायची कशी? नाना बसू शकले नाहीत, तर धाकटा भाऊ बसणार होता. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बघवेना.

बापूंनी आपली शिशी काढली. नानांनी मान फिरवली.

"लेक आमच्याही अंगणात खेळली आहे," बापू म्हणाले. "पाय पुढे करा."

नानांनी पाय पुढे केला. बापू स्वतः चोळत बसले. मुहूर्ताला नाना पाटावर बसले आणि कन्यादान त्यांच्याच हातून झालं.

देवासला परतल्यावर नाना दुकानात आले. बाकावर कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "तेल ते पांढऱ्या दोऱ्याचं द्या. त्याचा गुण वेगळाच!"

मी शिशी काढली.

"थांबा," नाना म्हणाले. "दोरा तेवढा तांबडा बांधा!"