सायवनच्या मावशींचा खांदा

डहाणूच्या बाजारामागच्या गल्लीत मी खोली घेतली, तेव्हा अ‍ॅक्युपंक्चरचं शिक्षण संपवून मला जेमतेम वर्ष झालं होतं. खोलीत एक खाट, दोन खुर्च्या आणि भिंतीवर शरीरातल्या बिंदूंचा मोठा तक्ता. आमची घोलवडला चिकूची वाडी आहे. घरातले म्हणायचे, "टोचून घ्यायला कोण पैसे देणार?" पहिले दोन महिने त्यांचंच खरं झालं. मी तक्ता पुसायची आणि घरी जायची.

मग एका बाजाराच्या दिवशी सायवनहून एक मावशी आल्या. साठीच्या, सडपातळ, उजवा हात पोटाशी धरलेला. पाड्यावरच्या बाळंतिणींना आणि तान्ह्या मुलांना मालीश करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. चार महिन्यांपासून तो हात छातीच्या वर जात नव्हता. स्वतःचा अंबाडाही सुनेकडून बांधून घ्यावा लागायचा. सरकारी दवाखान्यात फोटो काढला होता, हाड नीट होतं. खांदा आखडलाय, शेक द्या, व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"व्यायाम करायला हात तर उचलला पाहिजे," मावशी म्हणाल्या. "तू काय करशील बाय?"

मी त्यांना खाटेच्या कडेला बसवलं आणि गुडघा व घोटा यांच्या मधोमध, नडगीच्या बाहेरच्या बाजूला सुई लावली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"दुखतो हात. टोचतेस पायाला?"

"चिनी लोक मानतात, शरीरात शक्तीच्या वाटा असतात. एक वाट अडली की दुसरीकडून ती मोकळी करायची."

"तू पाहिल्यास त्या वाटा?"

"नाही," मी म्हटलं. "वाटा नाही पाहिल्या. पण या बिंदूने हात हललेला पाहिलाय. असं का होतं, ते मला नीट सांगता येत नाही."

हे उत्तर त्यांना पटलं असावं. मी सुई हळूच फिरवत राहिले आणि त्यांना हात उचलायला सांगितलं. हात वीतभर वर गेला. मावशी हसल्या.

पण पुढच्या तीन आठवड्यांत तो त्या वीतभराच्या पुढे सरकेना. मी बिंदू बदलले, पुस्तकं चाळली, शिकवणाऱ्या सरांना फोन केला. चौथ्या वेळी त्या आल्या तेव्हा मी सरळच सांगितलं, "मावशी, मला जमत नाहीये. तुम्ही पुन्हा मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"दाखवीन," त्या म्हणाल्या. "पण तुझं काय चुकतंय सांगू? सुई लावतेस आणि लांब उभी राहतेस. तुला माझ्या खांद्याला हात लावायची भीती वाटते."

मला राग आला. मालीश आणि दाब देणं मीही शिकले होते. पण खरं होतं. त्यांना दुखेल म्हणून मी वरवर हात फिरवून मोकळी होत होते.

त्यांनी डाव्या हाताने माझा अंगठा धरला आणि स्वतःच्या उजव्या खांद्यामागच्या फऱ्याखाली टेकवला. "नुसत्या अंगठ्याने नको दाबू, दोन दिवसांत मोडशील. कमरेतून वाक. अंगाचा भार येऊ दे. मी श्वास सोडला की आत जा, घेतला की थांब."

मी तसं केलं. हाताखाली एक टणक दोरी लागली. तीन-चार श्वासांनी ती सैल पडली, आणि ते माझ्या बोटांना कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

त्यानंतर दर बाजाराला आधी शेक, मग सुया, मग हात, असा आमचा क्रम ठरला. घरी त्या भिंतीसमोर उभ्या राहून बोटं वर चालवायच्या आणि जिथे पोचतील तिथे कोळशाने रेघ मारायच्या. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तपासलं आणि चाललंय ते चालू ठेवा म्हणाले.

पावसाळा संपता संपता मावशींनी निरोप धाडला, ये म्हणून. मी सायवनला पोचले तेव्हा ओसरीवर त्या पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर तेलाने माखलेलं बाळ. दोन्ही हात त्यांनी त्याच्या पाठीवरून लांबवर फिरवले, मग काखांखाली धरून त्याला स्वतःच्या डोक्याच्याही वर उचललं. बाळ रडायचं विसरलं. भोवतीच्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी दाराला टेकून डोळे पुसत होते.

पुढच्या बाजाराला माझ्या खोलीबाहेर चपलांची रांग लागली. कोणाची कंबर, कोणाची मान, कोणाचे गुडघे. ज्यांचं दुखणं माझ्या हातचं नव्हतं त्यांना मी तडक दवाखान्यात पाठवलं, आणि त्यामुळे लोकांचा विश्वास वाढलाच.

आता महिन्यातून एकदा आम्ही दोघी मिळून तलासरीकडच्या गावांतही जातो. मागच्या खेपेला उधव्याला एका बाईने मावशींना विचारलं, "ही डॉक्टरीण कुठे शिकली?"

"सुया कुठे शिकली ते तिलाच विचार," मावशी म्हणाल्या. "हात मी शिकवला."

मी मान डोलावली आणि बाह्या वर केल्या.